पटावरची नावं

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सकाळी दहाच्या सुमाराला सातारा-सांगलीतल्या इस्लामपूर, तासगाव, विटा, कोरेगाव, दहिवडी यांपैकी कुठल्याही एसटी स्टँडवर जाऊन उभं राहावं. गाडी फलाटाला नीट लागायच्या आधीच दार उघडतं आणि पोरं खाली सांडतात. कुणाच्या पायाला मळीच्या रानाचा काळा चिखल, कुणाच्या चपलेवर माणदेशाची पांढुरकी धूळ. मुलींच्या घट्ट दुमडलेल्या वेण्या, दप्तराच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवलेला पास. पाच-सहा वाटांनी आलेली ही मुलं बाजारपेठेत एका रस्त्याला लागतात. रसवंती, झेरॉक्सचं दुकान, कृषी सेवा केंद्र मागे पडतं आणि हायस्कूलचं फाटक येतं. घंटा होते. मग मैदानावर हजार-दीड हजार मुलं एकदम गप्प होऊन राष्ट्रगीताला उभी राहतात, आणि फाटकाबाहेर पेरू विकणारी बाईसुद्धा हातातला पेरू तसाच धरून सावधान उभी असते.

मी अशाच एका हायस्कुलात शिकले. गावातल्या चौथीपर्यंतच्या शाळेत प्रत्येकीचं घर, घरातली म्हैस आणि म्हशीचं नावसुद्धा मला ठाऊक होतं. पाचवीला तालुक्याला आले तेव्हा नुसत्या पाचवीच्याच तुकड्या 'अ'पासून 'फ'पर्यंत होत्या. पहिले काही दिवस मी माझा वर्ग शोधण्यात घालवले. पण त्या अफाटपणाची भीती ओसरली तशी त्याची गोडी कळत गेली. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे आईवडील गलाईच्या धंद्यासाठी तमिळ मुलखात होते. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी साऱ्या देशभर पांगलेली आहेत, आणि त्यांची पोरं पुष्कळदा गावी आजीजवळ राहून शिकतात. माझी ही मैत्रीण मला तमिळ आकडे शिकवायची. आमच्या मागच्या बाकावर धनगरवाड्यावरची मुलगी, तिच्या घरातली पाचवीच्या पुढे आलेली पहिलीच. पलीकडे साखर कारखान्यातल्या कारकुनाची लेक, तिच्या शेजारी बाजार समितीतल्या हमालाची. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणाकडे शाळूची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, कुणाकडे तुपाचं बोट लावलेली चपाती, कुणाकडे काहीच नाही. जिच्याकडे काही नाही तिच्यापुढे न बोलता चतकोर सरकवायचा, हे कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वेगवेगळी घरं एका बाकावर मला पुन्हा कुठेही भेटली नाहीत. नोकरीत नाहीत, आणि आज मी राहते त्या सोसायटीत तर नाहीतच.

माझी भाची न्यू जर्सीत वाढली. तिचं हायस्कूलही असंच मोठं, सरकारी, शहराच्या कडेच्या वस्तीतलं. तिथली शाळा कॉलेजांना विद्यार्थ्याच्या अर्जाबरोबर स्वतःची ओळख सांगणारं एक पत्रक पाठवते. तिनं ते मला दाखवलं. पटसंख्या, शिकवले जाणारे विषय, परदेशी भाषा, परीक्षांमधली सरासरी, पुढे कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण, सगळं नेटकं. तिथली आपली मराठी कुटुंबं घर घेताना आधी शाळा बघतात आणि मग भिंती. त्याला कारण आहे. तिथल्या सरकारी शाळेचा मोठा खर्च त्या-त्या भागातल्या घरपट्टीतून चालतो, म्हणून महागड्या घरांच्या वस्तीतली शाळा सहसा समृद्ध असते आणि गरीब वस्तीतली ओढगस्तीची. पत्रक वाचताना मला सारखं वाटत होतं की यात एक गोष्ट नाही. या फाटकातून पहिल्यांदा कोण आत आलं, आणि शेवटपर्यंत कोण टिकलं?

आमच्याकडे असं पत्रक कुणी काढत नाही. पण मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जनरल रजिस्टर असतं. जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं, कोपरे झिजलेलं. दाखल क्रमांक, नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, मागची शाळा, दाखल झाल्याची तारीख असे रकाने डावीकडून उजवीकडे जातात आणि शेवटी येतात प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचं कारण. दाखल क्रमांक आणि सोडल्याचं कारण या दोन रकान्यांच्या मध्ये शाळेचं सगळं खरं चरित्र असतं. सातारा आणि सांगलीच्या भूमीत तर त्या दोन रकान्यांत महाराष्ट्राचा निम्मा इतिहास मावलेला आहे.

साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात प्रतापसिंह हायस्कूल भरत असे. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली गादीवरून काढलं, काशीला नेऊन ठेवलं, आणि ते तिथेच वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनपर्यंत जाऊन वर्षानुवर्षं दाराशी बसले आणि रिकाम्या हातांनी परतले. १८४८मध्ये संस्थान खालसा झालं. मग या राजवाड्यात पोरांनी पाटी-पुस्तक घेऊन यायला सुरुवात केली. जिथे दरबार भरायचा तिथे शाळा भरू लागली, याचं मला फार अप्रूप आहे. शाळेचं नाव पुढे प्रतापसिंहांचंच झालं, हेही योग्यच झालं.

त्या शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर एक नाव आहे: भिवा रामजी आंबेडकर. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००, वर्ग इंग्रजी पहिला. पुढे 'भिवा' अशी बाळबोध सही. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्याला राहायला आले होते. आई भीमाबाई तिथेच वारल्या, तेव्हा भिवा जेमतेम पाच वर्षांचा होता. रजिस्टरात नाव लिहून घेताना कारकुनानं बोरू शाईत बुडवला असेल, टिपकागद लावला असेल आणि पुढच्या मुलाला हाक मारली असेल. रजिस्टरानं त्याला इतरांसारखीच एक ओळ दिली. वर्गानं दिली नाही. त्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. वर्गात गुणांप्रमाणे जागा मिळायची, पण त्यांना ती नव्हती. एका कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा माणूससुद्धा त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही.

या गोणपाटाचा विचार माझ्या मनातून जात नाही. पाठीवर दप्तर सगळेच नेतात. एका मुलानं स्वतःची बसायची जागाही रोज काखेत मारून न्यावी आणि आणावी, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याच वाटेला लागावं, यासाठी त्या एवढ्याशा जीवात काय बळ असेल! २०१७पासून महाराष्ट्र सरकारनं ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला आहे. जन्माचा नाही, पदवीचा नाही, शाळेत नाव घातल्याचा दिवस. सरकारी निर्णयांत इतका नेमका निर्णय मी क्वचित पाहिला आहे.

आता त्याच भागातलं दुसरं नाव. वाळवा तालुक्यातलं वाटेगाव, जन्म १ ऑगस्ट १९२०, तुकाराम भाऊराव साठे. ज्यांना आपण अण्णा भाऊ म्हणतो. त्यांची शाळा दीड दिवसाची. शिक्षकाचा मार आणि जातीवरून मिळालेली वागणूक सोसून तो मुलगा जो बाहेर पडला तो पुन्हा गेला नाही. काही वर्षांनी घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला गेला, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकला, आणि १९५९ साली त्याची 'फकिरा' कादंबरी आली. लोक हे अभिमानानं सांगतात, दीड दिवस शाळेत गेलेला माणूस एवढा मोठा लेखक झाला म्हणून. मला त्या वाक्यात शाळेची हार ऐकू येते. शाळा सोडल्याच्या कारणापुढे त्या शिक्षकानं काय लिहायला हवं होतं? आणि ज्यांच्यात अण्णा भाऊंएवढी आग नव्हती, ती दीड दिवसात परत गेलेली बाकीची पोरं कुठे गेली? त्यांच्या कादंबऱ्या आपल्याजवळ नाहीत.

या प्रश्नाचं उत्तर ज्या माणसानं आयुष्य घालून दिलं तोही इथलाच. भाऊराव पायगोंडा पाटील, जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. घराणं वाळव्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. स्वतः मॅट्रिकही झाले नाहीत. साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांची काच विकत गावोगाव फिरले. मला त्यांच्या आयुष्यातला हा नांगर विकण्याचा काळ फार मोलाचा वाटतो. लोखंडी नांगर खपवायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर बसावं लागतं, त्याच्या घरी भाकरी खावी लागते, तो उधारीच्या कागदावर अंगठा उठवतो तो डोळ्यांनी पाहावा लागतो. त्या अंगठ्यांतून रयत शिक्षण संस्था उगवली, असं मी मानते. वारणाकाठच्या दुधगावात १९१०च्या सुमाराला त्यांनी सोबत्यांच्या मदतीनं एक वसतिगृह काढलं होतं. ४ ऑक्टोबर १९१९ला कराडजवळच्या काले गावात संस्था स्थापन झाली. १९२४मध्ये साताऱ्याला वसतिगृह आलं. १९२७च्या फेब्रुवारीत गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्या हातून त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. त्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं एका पंक्तीला बसत. एकाच चुलीवरचं अन्न, एकाच रांगेतल्या वळकट्या.

भाऊरावांनी हायस्कूल नंतर काढलं, वसतिगृह आधी. हा क्रम मला त्यांच्या सगळ्या कामाचा गाभा वाटतो. खेड्यातलं पोर शाळेत का येत नाही, याचं कारण त्यांनी पोराच्या बुद्धीत शोधलं नाही, बापाच्या अज्ञानातही शोधलं नाही. रात्री ते झोपणार कुठे आणि सकाळी खाणार काय, एवढंच त्यांनी विचारलं. वसतिगृहासाठी घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा व्हायचं; बाई दळायला बसताना एक मूठ बाजूला काढायची आणि तिच्या ओळखीतही नसलेल्या पोरासाठी ती साताऱ्याला जायची. पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३०मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या प्रत्येक हायस्कुलात भाऊरावांची तसबीर असते, दाढीची, घोंगडीची. लक्ष्मीबाईंचीही तितकीच मोठी तसबीर शेजारी हवी, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

मग १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी नाही. मुलगा शेतात राबेल, खडी फोडेल, भाजी पिकवेल, इमारतीचे दगड वाहील आणि शिकेल. कमवा आणि शिका हे आज भिंतींवर इतकं रंगवलेलं असतं की त्यातला घाम दिसत नाही. पण सकाळी कुदळ आणि दुपारी बीजगणित हा दिवस ज्यांनी काढला त्यांच्यापैकी मला भेटलेली माणसं अजूनही हाताचे तळवे उघडून दाखवतात. त्या हातांत दया घेतल्याची खूण नाही. फुकट शिकवलं असतं तर गरीब पोराला कायम मान खाली घालावी लागली असती. राबून शिकला म्हणून तो जहागीरदाराच्या पोराकडे सरळ बघू शकला. साताऱ्याच्या शाहू वसतिगृहातूनच बॅरिस्टर पी. जी. पाटील इंग्लंडला गेले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावे १०१ हायस्कुलं काढण्याचा संकल्प सोडला. ९ मे १९५९ला ते गेले तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभराच्या वर होत्या. आज त्या चारशेहून अधिक आहेत. माझी त्यांतलीच एक.

भाऊरावांनी हे काम सुरू केलं तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हताच. १९४९मध्ये दक्षिण सातारा म्हणून तो निघाला आणि १९६०ला सांगली झाला. म्हणून देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले, ते एकाच जिल्ह्यातून. शाळकरी वयात झेंडा लावला म्हणून १९३२ साली त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर १९३४मध्ये ते मॅट्रिक झाले. तुरुंगात जाऊन आलेल्या पोराला पुन्हा बाकावर बसता आलं, एवढी जागा त्या काळात होती.

माझ्या काळातल्या रजिस्टरात कारणं साधी असायची. 'इयत्ता दहावी उत्तीर्ण.' 'पालकांची बदली.' आणि आठवी-नववीच्या मुलींपुढे फार वेळा 'पालकांच्या विनंतीवरून'. या दोन शब्दांमागे हळदीचा मांडव असे, हे सगळ्या शिक्षकांना कळत होतं. माझ्या वर्गातल्या हुशार मुली अशाच गेल्या. आता मुलींना एसटीचा मोफत पास आहे, सायकली आहेत, आणि रस्त्यानं जाताना दिसतात त्या मुलींचे घोळके मुलांपेक्षा मोठे असतात. मला ते पाहून डोळ्यांत पाणी येतं, आणि ते आलं तर आलं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि वारणा गावांत शिरल्या तेव्हा मोठ्या हायस्कुलांचे वर्ग छावण्या झाले. बाकं भिंतीला लावून ठेवलेली, फळ्यावर खडूनं गावांची नावं, वर्गावर्गांत म्हाताऱ्या, बाळंतिणी, गाठोडी. मैदानात म्हशी. सातवी 'ब'च्या खोलीत चुली पेटल्या. ज्यांनी कधी त्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं अशी माणसंही त्या आठवड्यात आत झोपली. शाळा कुणाची, हा प्रश्न त्या आठ दिवसांत कुणाला पडला नाही.

पाणी ओसरलं आणि तो पुन्हा पडला. पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाणारी मुलं आता त्याच गावात वेगळ्या वेळी वेगळ्या रस्त्यानं जातात. आईबापांना मी दोष देणार नाही. पोरानं पुढे जावं असं कुणाला वाटत नाही! पण मोठ्या हायस्कुलातली 'इ' आणि 'फ' तुकडी बंद होते तेव्हा नुसता पट उतरत नाही. कारकुनाची लेक आणि हमालाची लेक एका बाकावरून उठतात, आणि मग त्या आयुष्यात कुठे शेजारी बसतील, मला दिसत नाही.

आणि दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, विद्यार्थी दिवसाच्या आगेमागेच, बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या या जिल्ह्यांत उतरतात. वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव, जिकडे कारखाना तिकडे पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्या पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा काढल्या गेल्या, स्थलांतर करताना बरोबर न्यायला शिक्षण हमी कार्ड आलं, गावाकडेच राहता यावं म्हणून संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मागच्या शाळेचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. पण तो कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, आठवीपर्यंतचा. नववीतलं पोर या सगळ्यातून निसटतं. ते सहज कोयता धरू शकतं, मोळी बांधू शकतं, आणि त्याचे हात घरच्यांना लागतातही. फडापासून हायस्कूलची घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरावर मी चौदा-पंधरा वर्षांची मुलं वाढे बांधताना पाहिली आहेत.

विद्यार्थी दिवसाला शाळाशाळांतून भाषणं होतात, भित्तिपत्रकं लागतात, आणि ती व्हायलाच हवीत. त्याच आठवड्यात दोन शिक्षकांनी आणि दहावीच्या चार मुलांनी वही घेऊन फडावर जावं, कोपीकोपीत विचारावं, नववीतलं कोण आहे, दहावीचा अर्ज कुणाचा राहिला आहे. कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या मोठ्या हायस्कुलांच्या जुन्या वसतिगृहांत हंगामापुरत्या काही खाटा मोकळ्या ठेवाव्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा होते तेव्हा पुष्कळ ठिकाणी तोड चालूच असते, म्हणून त्या खाटा परीक्षा संपेपर्यंत हव्यात. जेवणाचा खर्च कारखान्यानं उचलावा. गळिताला आलेल्या प्रत्येक टनामागे तो किती थोडा पडेल याचा हिशेब कारखान्याच्या कुठल्याही कारकुनाला बसल्या जागी करता येईल. आणि धान्य कमी पडलं तर आमच्या गावांतल्या बायका मूठ काढतील. त्यांच्या आज्यांनी काढली होती.